दहा वजने, एक संघ
अमेरिकन महाविद्यालयीन कुस्तीत मल्ल कसे निवडतात आणि हंगामाचा अंदाज कसा बांधतात

कुस्ती हा एकट्याचा खेळ, अशी आपली परंपरागत धारणा आहे. हौद्यात दोघे उतरतात, लाल माती कपाळी लावतात, सलामी होते, आणि निकाल लागेपर्यंत त्या दोघांखेरीज तिसऱ्याला तिथे स्थान नसते. मागे गावाचे नाव असते, तालमीचे असते, वस्तादाचे असते. पण एकाची हार दुसऱ्याच्या जितीत मिळवून त्यांची बेरीज करण्याची कल्पना आपल्या मैदानांत रुजलेली नाही. अमेरिकेतील विद्यापीठांनी मात्र हाच खेळ सांघिक केला, त्याला शिक्षणाच्या दावणीला बांधले, आणि दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडावर अमुक विद्यापीठाचा संघ यंदा कसा आहे, या एकाच प्रश्नावर शेतकऱ्यापासून प्राध्यापकापर्यंत सर्वांना बोलते केले.

आपण मराठी माणसे बेळगावात असू, बडोद्यात असू किंवा इंदुरात. तालमीशी आपले नाते जुने आहे. बडोद्याचे जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि बेळगावचा आनंदवाडीचा आखाडा ही नावे आपल्या घरांतून कौतुकाने घेतली जातात. तथापि मुलगा आठवी-नववीत गेला आणि त्याचे अंग भरू लागले, की त्याच घरांत एक अवघड प्रश्न उभा राहतो: याला तालमीत ठेवायचे की शाळेत? शाळेच्या हजेरीपटावर वर्षानुवर्षे सह्या करणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाला या प्रश्नाची दोन्ही उत्तरे पाहावी लागतात. पहाटेच्या मेहनतीने दमून शेवटच्या बाकावर डुलक्या घेणारा मुलगा काही महिन्यांनी येईनासा होतो, आणि काही वर्षांनी त्याच्या हाती ना गदा असते ना दाखला. हा प्रश्न दुसऱ्या एका समाजाने कसा हाताळला, त्यात त्याला काय साधले आणि काय बिघडले, हे समजून घेणे म्हणूनच उपयोगाचे आहे.

खेळाची रीत

प्रथम हा खेळ पाहू. ऑलिंपिकमध्ये चालते ती मुक्त कुस्ती आणि अमेरिकन विद्यापीठांतली कुस्ती यांत फरक आहे. विद्यापीठीय कुस्ती गादीवर होते. पहिला डाव तीन मिनिटांचा आणि पुढचे दोन प्रत्येकी दोन मिनिटांचे, अशी सात मिनिटांची लढत असते. प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे एक सेकंद गादीला टेकवून धरले की कुस्ती निकाली. तेवढे जमले नाही, तर गुण मोजले जातात. पट काढून किंवा अन्य डावाने प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन ताबा मिळविला, की गुण मिळतात; पूर्वी ते दोन होते, २०२३-२४ च्या हंगामापासून तीन झाले. खालच्याने सुटका करून घेतली तर त्याला एक गुण, आणि उलटून स्वतःच वर आला तर दोन.

या शैलीचे मर्म ताब्यात आहे. वर राहून प्रतिस्पर्ध्याला किती वेळ दाबून धरले याचे घड्याळ सतत चालू असते. दोघांच्या वेळांतील फरक एक मिनिट किंवा अधिक झाला, तर शेवटी त्याचा एक गुण मिळतो. आपल्याकडचे जुने जाणकार घिस्सा मारून खालच्याला थकविणाऱ्या मल्लाचे कौतुक करीत. त्यांना ही कुस्ती परकी वाटणार नाही.

आता संघाचा हिशेब. एका विद्यापीठाचे दहा मल्ल दुसऱ्या विद्यापीठाच्या दहा मल्लांशी लढतात. सर्वांत हलका गट १२५ पौंडांचा, म्हणजे सुमारे ५७ किलोचा. सर्वांत भारी गटाची मर्यादा २८५ पौंड, म्हणजे सुमारे १२९ किलो. गुणांवर साधा विजय मिळाला तर संघाच्या खाती तीन गुण, आठ किंवा अधिक गुणांनी जिंकल्यास चार, पंधरा गुणांची आघाडी घेतल्यास पाच, आणि चितपट केल्यास सहा.

वरवर रुक्ष वाटणाऱ्या या कोष्टकातून एक मोठी गोष्ट निष्पन्न होते. समजा, एका संघाने दहापैकी सहा कुस्त्या साध्या गुणफरकाने जिंकल्या. त्याचे अठरा गुण झाले. दुसऱ्याने चारच जिंकल्या, पण त्यांपैकी तीन चितपट आणि एक साधी. त्याचे एकवीस झाले. सहा कुस्त्या जिंकणारा संघ हरला! म्हणूनच आपल्याहून बलवान मल्लापुढे उभा राहिलेला, जिंकण्याची आशा नसलेला मुलगाही सात मिनिटे खांदे टेकू देत नाही, तेव्हा तो आपल्या संघाचे तीन गुण वाचवीत असतो. हरणाऱ्याच्या चिकाटीलाही ज्या पद्धतीत किंमत आहे, ती पद्धत शिक्षकाच्या नजरेला विशेष भावते.

कुस्तीचे माहेरघर

या खेळाचे पहिले राष्ट्रीय महाविद्यालयीन अजिंक्यपद १९२८ साली आयोवा राज्यातील एम्स येथे झाले. त्यानंतर बराच काळ ओक्लाहोमाच्या विद्यापीठांचे वर्चस्व राहिले. एकट्या ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाच्या नावावर ३४ सांघिक विजेतेपदे आहेत. पण कुस्तीवेडे राज्य म्हटले की डोळ्यांपुढे येते ते आयोवाच. मका आणि सोयाबीन पिकविणारा हा सपाट मुलूख. मोठमोठ्या शहरांतील धनाढ्य व्यावसायिक संघ येथे नाहीत. त्यामुळे विद्यापीठाचा संघ हाच लोकांचा संघ. १४ नोव्हेंबर २०१५ रोजी आयोवा विद्यापीठाने ओक्लाहोमा स्टेटविरुद्धची लढत बंदिस्त सभागृहाऐवजी फुटबॉलच्या उघड्या मैदानावर भरविली, तेव्हा ४२,२८७ प्रेक्षक लोटले. राजर्षी शाहू महाराजांनी बांधविलेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानातील दाटी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या आकड्यामागची हवा सहज कळेल.

या वेडाला आकार दिला डॅन गेबल या पुरुषाने. आयोवातील वॉटरलू गावचा हा मुलगा. विद्यार्थिदशेत आयोवा स्टेट विद्यापीठाकडून लढताना तो एकामागून एक कुस्त्या जिंकत गेला आणि महाविद्यालयीन जीवनातील अगदी अखेरच्या लढतीत, १९७० च्या अंतिम फेरीत, लॅरी ओविंग्ज याच्याकडून हरला. तो एकच पराभव. दोन वर्षांनी म्यूनिकच्या ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक मिळविले, आणि तेही प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण न देता. पुढे आयोवा विद्यापीठाचा प्रमुख मार्गदर्शक म्हणून १९९७ पर्यंत त्याने संघाला पंधरा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. त्यांपैकी १९७८ ते १९८६ ही नऊ ओळीने.

मल्ल हेरण्याची विद्या

असा संघ उभा राहतो कसा? आपल्याकडे वस्तादाकडे मुलगा आणून घातला जातो. तेथे वस्ताद मुलाच्या घरी जातो. पेनसिल्व्हेनिया, ओहायो, न्यू जर्सी, आयोवा अशा राज्यांतील माध्यमिक शाळांच्या स्पर्धा आणि दर उन्हाळ्यात नॉर्थ डकोटातील फार्गो येथे भरणारी कुमारांची राष्ट्रीय स्पर्धा, ही मार्गदर्शकांची हेरण्याची ठिकाणे. तेथे ते वही घेऊन बसतात. मुलगा जिंकला की हरला, एवढेच ते टिपत नाहीत. मागे पडल्यावर तो काय करतो, शेवटच्या मिनिटात त्याचे पाय चालतात का, पंचाशी आणि आईवडिलांशी कसा वागतो, यावरही त्यांची नजर असते.

या भेटीगाठींना नियमांचे कुंपण आहे. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या नियमानुसार मार्गदर्शकाला मुलाशी थेट बोलणे, पत्रव्यवहार करणे हे दहावीचे वर्ष संपल्यानंतरच्या १५ जूनपासून करता येते, त्याआधी नाही. पुढे विद्यापीठाच्या खर्चाने मुलगा तेथे पाहुणा म्हणून जातो, वसतिगृह, ग्रंथालय, तालीम पाहतो, मल्लांबरोबर जेवतो. मुलाने तोंडी होकार दिला तरी तो बंधनकारक नसतो. लेखी करार बारावीच्या वर्षात होतो. कोवळ्या वयाच्या मुलाला आमिषे दाखवून कोणी बांधून घेऊ नये, हा या कुंपणाचा हेतू.

मार्गदर्शकाची खरी कसोटी पुढेच असते. सोळा वर्षांचा मुलगा आज १३३ पौंडांत लढतो. तीन वर्षांनी तो कोणत्या वजनात असेल? त्याची हाडे, बापाची उंची, धाकट्या भावाची वाढ, सारे पाहून हा अंदाज बांधावा लागतो. कारण दहा जागा आणि दहा वजने. एकाच वजनाचे तीन उत्तम मल्ल आणले आणि शेजारचे वजन रिकामे राहिले, तर पैसा आणि श्रम दोन्ही वाया. बागाईतदार जसा आज लावलेले कलम कोणत्या वर्षी फळाला येईल याचा हिशेब ठेवतो, तसा या माणसाला चार वर्षांपुढचा हिशेब ठेवावा लागतो.

आणि मुलाची गुणपत्रिका? तिच्यावाचून पुढची पायरीच नाही. पहिल्या श्रेणीच्या विद्यापीठातून खेळायचे तर मुलाने माध्यमिक शाळेत भाषा, गणित, विज्ञान इत्यादी सोळा मूलभूत अभ्यासक्रम पुरे केलेले असावे लागतात, आणि त्यांत चारपैकी किमान २.३ ही सरासरी राखलेली असावी लागते. विद्यापीठात गेल्यावरही पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून अभ्यास चालू ठेवावा लागतो, आणि हंगामात सरावाला आठवड्यात वीस तासांची मर्यादा आहे. नापास झालेला मल्ल कितीही बलदंड असो, तो गादीवर उतरू शकत नाही.

शिष्यवृत्तीचे गणित तर कित्येक दशके अपूर्णांकांतच चालले. २०२४-२५ च्या हंगामापर्यंत पुरुषांच्या संपूर्ण संघासाठी ९.९ एवढ्याच शिष्यवृत्त्या देता येत. जागा दहा, तालमीतले मल्ल तीसेक, आणि वाटायला दहालाही एक दशांश कमी! मग एकाला अर्धी, दुसऱ्याला पाव, तिसऱ्याला नुसती पुस्तके, अशी वाटणी होई; उरलेला भार पालकांवर किंवा गुणवत्तेवर मिळणाऱ्या अन्य साहाय्यावर पडे. अभ्यासात हुशार असलेला मल्ल मार्गदर्शकाला म्हणूनच दुप्पट प्रिय, कारण त्याचा खर्च दुसऱ्या खात्यातून निघे.

हंगामापूर्वीचा ताळेबंद

हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्चमधील राष्ट्रीय स्पर्धेने संपतो. पण सप्टेंबर-ऑक्टोबरातच वृत्तपत्रे, मासिके आणि चाहते ताळेबंद मांडू लागतात. दहा वजनांच्या दहा ओळी काढायच्या. प्रत्येक ओळीत प्रथम गतवर्षीचा मल्ल परत येतो आहे का, ते लिहायचे. राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या आठांत येणाऱ्यास विशेष सन्मान मिळतो. असे किती जण परतले, हे संघाचे भांडवल. नंतर पदवी घेऊन कोण बाहेर पडले आणि त्यामुळे कोणते वजन रिकामे झाले, ते पाहायचे. ही झाली तूट. मग राखीव साठा. पाच वर्षांच्या मुदतीत चार हंगाम खेळण्याची रीत अनेक दशके चालत आल्यामुळे नवख्या मुलाला पहिले वर्ष मुख्य संघात न उतरविता तालमीत मुरू देण्याची प्रथा पडली. असा एक वर्ष मुरलेला मल्ल हा ताळेबंदातील गुप्त धन असतो. शेवटी नवी भरती.

एकाच वजनाला दोन दावेदार असतील तर निकाल मार्गदर्शकाच्या मर्जीवर सहसा सोडत नाहीत. तालमीतच त्यांच्या चाचणी कुस्त्या होतात. वर्षभर एका ताटात जेवलेली दोन मुले एका जागेसाठी लढतात, आणि हरलेला दुसऱ्या दिवशी जिंकलेल्याचा सराव-जोडीदार म्हणून उभा राहतो. चाहत्यांच्या ताळेबंदात या मुलासाठी ओळ नसते. तरीही संघ त्याच्यावर उभा असतो.

असे अंदाज किती खरे ठरतात? काही उदाहरणे बोलकी आहेत. १९८६-८७ च्या हंगामात आयोवाचा संघ ओळीने दहावे विजेतेपद घेणार अशी हवा होती. मल्लांच्या पोशाखावर रोमन लिपीतील दहाचा आकडाही झळकला. विजेतेपद मात्र शेजारच्या आयोवा स्टेट विद्यापीठाने नेले. याच्या उलट १९९७. गेबलच्या कारकिर्दीच्या त्या शेवटच्या हंगामात जेसी व्हिटमर हा वर्षानुवर्षे मागच्या रांगेत थांबलेला मल्ल पाचव्या वर्षी नियमित संघात आला आणि ११८ पौंडांत थेट राष्ट्रीय विजेता झाला! त्या वर्षी आयोवाचे पाच मल्ल विजेते ठरले आणि संघाने १७० गुणांचा उच्चांक केला. २०२० मध्ये आयोवा अग्रक्रमाचा संघ होता, तयारी पूर्ण होती; पण महासाथीमुळे राष्ट्रीय स्पर्धाच रद्द झाली. तेच विजेतेपद त्यांनी २०२१ मध्ये घेतले.

ताळेबंद अचूक ठरल्याचे उदाहरण पाहायचे तर पेन स्टेट विद्यापीठाकडे पाहावे. विद्यार्थी म्हणून १५९ कुस्त्यांत अपराजित राहिलेला आणि २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविणारा केल सँडरसन २००९ मध्ये तेथे मार्गदर्शक झाला, आणि २०११ ते २०२५ या काळात त्याच्या संघाने बारा राष्ट्रीय विजेतेपदे पटकाविली. २०२५ च्या स्पर्धेत त्यांचे दहाच्या दहा मल्ल पहिल्या आठांत आले आणि संघाने १७७ गुणांचा नवा विक्रम केला. त्याच संघातील कार्टर स्टारोची याने २०२१ ते २०२४ असे चार वेळा १७४ पौंडांत विजेतेपद मिळविले होते. महासाथीच्या हंगामाबद्दल सर्वांना मिळालेल्या जादा वर्षाचा लाभ घेऊन तो १८४ पौंडांत चढला आणि पाच वेळा विजेता होणारा पहिला मल्ल ठरला. विशेष म्हणजे त्या वर्षी पेन स्टेटचे वैयक्तिक विजेते दोनच होते. बाकीच्या आठांनी जे मिळेल ते स्थान झगडून मिळविले, त्यातून विक्रम झाला.

वजनाचा काटा

या ताळेबंदाला एक काळी कडा आहे, आणि पालकांनी ती विशेष लक्षपूर्वक वाचावी. एका वजनात जागा नसली की मुलगा खालच्या वजनात उतरण्याचा प्रयत्न करतो. पाणी सोडतो, रबरी कपडे घालून तापलेल्या खोलीत घाम गाळतो, वजन देतो आणि मग पाणी पिऊन उभा राहतो. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, अवघ्या पाच आठवड्यांच्या आत, नॉर्थ कॅरोलायना, विस्कॉन्सिन आणि मिशिगन या राज्यांतील तीन महाविद्यालयीन मल्ल अशा रीतीने वजन उतरविताना मरण पावले. तिघेही तरुण, तिघेही विद्यार्थी.

त्यानंतर नियम पालटले. घाम गाळण्याच्या खोल्या, रबरी पोशाख, लघवीवाटे पाणी काढणारी औषधे यांवर बंदी आली. वजनगट सात पौंडांनी वर सरकविले. ११८ चा १२५ झाला. वजन लढतीच्या थोडाच वेळ आधी घेतले जाऊ लागले, म्हणजे उपाशी राहून मग भरून काढण्याची सवडच राहू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, हंगामाच्या आरंभीच प्रत्येक मल्लाच्या शरीरातील पाण्याची व चरबीची तपासणी होऊन त्याचे किमान सुरक्षित वजन ठरू लागले. चरबी शरीराच्या पाच टक्क्यांखाली नेता येत नाही, आणि आठवड्याला दीड टक्क्याहून अधिक वजन घटविता येत नाही. हे शहाणपण तीन जिवांच्या मोलाने आले.

पैसा आणि लहान तालमी

अलीकडच्या काळात या व्यवस्थेत पैशाचा प्रवेश झाला आहे. २०२१ च्या जुलैपासून विद्यार्थी खेळाडूंना आपल्या नावावर आणि छबीवर जाहिरातीचे पैसे मिळविण्यास मुभा मिळाली. त्याच वर्षापासून एक विद्यापीठ सोडून दुसरीकडे जाणाऱ्याला वर्षभर बाहेर बसण्याची अटही सैल झाली. परिणामी हंगामपूर्व ताळेबंदात आता आणखी एक सदर वाढले आहे: दुसऱ्या विद्यापीठातून कोण आले? २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठांना खेळाडूंना थेट मोबदला देता येऊ लागला. ती तडजोड स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत ९.९ शिष्यवृत्त्यांची मर्यादा जाऊन त्याऐवजी संघात जास्तीत जास्त तीस मल्ल, अशी मर्यादा आली. जो नामवंत आहे त्याचे कल्याण झाले. पण पूर्वी पदरचे पैसे घालून एकतिसावा, पस्तिसावा म्हणून तालमीत राहणारा, व्हिटमरसारखा वाट पाहणारा मुलगा आता कोठे राहणार, हा प्रश्न उभा आहे.

छोट्या विद्यापीठांची चिंता त्याहून मोठी. खर्च आणि अन्य कारणांनी गेल्या चार-पाच दशकांत तेथील अनेक कुस्ती संघ बंद पडले. २०२० च्या जुलैमध्ये स्टॅनफर्डसारख्या नामांकित विद्यापीठानेही कुस्तीसह अकरा खेळ बंद करण्याचे जाहीर केले. शेन ग्रिफिथ हा त्यांचा मल्ल २०२१ च्या राष्ट्रीय स्पर्धेत विद्यापीठाचे नाव नसलेला साधा काळा पोशाख घालून उतरला आणि १६५ पौंडांत विजेता झाला. माजी विद्यार्थ्यांनी पैसा उभा केला, लोकमत तापले, आणि मे महिन्यात विद्यापीठाने निर्णय मागे घेतला. कोऱ्या पोशाखातल्या त्या मुलाने न बोलता केलेली फिर्याद ऐकली गेली.

दुसऱ्या बाजूने एक दार उघडलेही आहे. आयोवा विद्यापीठाने २०२१ मध्ये मुलींचा संघ स्थापण्याचे जाहीर केले, आणि २०२३-२४ पासून तो पूर्ण हंगाम लढू लागला. २०२५ च्या जानेवारीत राष्ट्रीय संघटनेने महिला कुस्तीला अधिकृत अजिंक्यपदाचा दर्जा दिला. साक्षी मलिकने २०१६ मध्ये रिओ येथे कांस्यपदक मिळविल्यापासून आपल्याकडेही ज्या मुलींनी लंगोटबंद मल्लांच्या या दुनियेत पाऊल टाकले, त्यांच्या पालकांनी या वार्तेची नोंद घ्यावी.

आपल्या अंगणात

महाविद्यालय आणि कुस्ती यांची गाठ आपल्याला अगदीच अपरिचित आहे, असे नाही. खाशाबा जाधव हे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्यांची किरकोळ अंगकाठी पाहून क्रीडाशिक्षकांनी वार्षिक स्पर्धेत त्यांचे नाव घेण्यास नकार दिला, तेव्हा ते थेट प्राचार्यांकडे गेले. परवानगी मिळाली आणि त्यांनी आपल्याहून दांडगे मल्ल एकामागून एक लोळविले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी त्यांना गादीवरचे धडे रीस गार्डनर या अमेरिकन मल्लाकडून मिळाले. मातीत वाढलेल्या त्या तरुणाने सहावा क्रमांक मिळविला. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे अपुरे पडले, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक असे एका महाविद्यालयाच्या उंबऱ्यातून आले.

पण विचार करावा: प्राचार्यांच्या दारापर्यंत जाण्याचे धाडस खाशाबांना झाले नसते तर? आणि घर गहाण टाकणारा प्राचार्य प्रत्येक पिढीला कोठून मिळणार? एका माणसाच्या मोठेपणावर विसंबलेली गोष्ट त्या माणसाबरोबर संपते. नियमात बसविलेली गोष्ट मागे उरते. अमेरिकन पद्धतीत घेण्यासारखे असेल तर ते हेच. तेथील पैसा आपल्यापाशी नाही, आणि त्या पैशाने आणलेली रोगराई आपल्याला नकोच. परंतु तीन गोष्टींना पैसा लागत नाही. शाळेत नापास होणाऱ्या मुलाची मैदानातली जोड लावायची नाही, हे वस्तादांनी ठरवावे. वजनाच्या स्पर्धेपूर्वी मुलाला उपाशी-तहानेला ठेवणे हा गुन्हा मानावा आणि डॉक्टरांकडून त्याची तपासणी करून घ्यावी. आणि मैदानात हरून आलेल्या, मागच्या रांगेत थांबलेल्या मुलाला तालमीतून घालवू नये. त्याचे वर्ष कदाचित पुढे असेल.

सीमेवरच्या आणि दूरच्या आपल्या गावांतून, दिवाळी सरली की जत्रांच्या मैदानांची बोलणी सुरू होतात. त्याच सुमारास तिकडे आयोवात दहा ओळींचे ताळेबंद मांडले जातात. आपला मुलगा यंदा तालमीत घालायचा असेल, तर वस्तादांना खुराक किती, मेहनत किती, हे अवश्य विचारावे. त्याच्या जोडीला, परीक्षेच्या महिन्यात सरावाची वेळ कोणती, हाही प्रश्न पालकांनी विचारून ठेवावा. ज्या वस्तादांकडे त्याचे उत्तर तयार असेल, त्यांच्या हाती मुलगा निश्चिंतपणे सोपवावा.